पानओवा (कर्पूरवल्ली) : ओळख, स्वयंपाकातील स्थान आणि औषधी उपयोग

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• पानओवा ही वनस्पती लक्षणांवरून ओळखणे आणि तिच्याशी नावाने गोंधळणाऱ्या वनस्पतींपासून ती वेगळी काढणे.
• पानाच्या वासामागील रसायन समजावून सांगणे.
• स्वयंपाकातील पद्धतींचा या रसायनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
• परंपरेतील उपयोग, प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णांवरील चाचणी यांतील फरक सांगणे.
• मात्रा व सुरक्षितता यांचा विचार करून एखाद्या घरगुती उपायाचे मूल्यमापन करणे.

१. प्रस्तावना

'ओवा' म्हटले की मसाल्याच्या डब्यातील बारीक, तिखट वासाचे दाणे आठवतात. परंतु कुंडीत वाढणारे, जाड व मऊ लव असलेल्या पानांचे एक झाडही मराठी घरांत 'ओवा' याच नावाने ओळखले जाते. पान चुरगळले की वास थेट ओव्याचा येतो. वेगळेपणा दाखवायचा असेल तर त्याला 'पानओवा' म्हणतात. पावसाळ्यात या पानांची भजी होतात आणि घरात कोणाला खोकला झाला की याच पानांचा रस काढला जातो.

तमिळनाडूत हीच वनस्पती 'कर्पूरवल्ली' किंवा 'ओमवल्ली' म्हणून अंगणात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत दिसते. चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे आणि आज तेथे मोटारींचे व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे मोठे कारखाने आहेत. शिक्षणासाठी व नोकरीसाठी अनेक राज्यांतील लोक तेथे राहतात. अशा ठिकाणी एकाच कुंडीतील झाडाला तमिळ शेजारी कर्पूरवल्ली म्हणेल, कन्नड शेजारी दोड्डपत्रे, मल्याळी शेजारी पनिक्कूर्क आणि मराठी माणूस ओवा. प्रत्येकाचा उपायही थोडा वेगळा असेल.

म्हणून 'ही वनस्पती औषधी आहे' एवढे वाक्य विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुरत नाही. त्यापुढे तीन प्रश्न विचारावे लागतात. वनस्पती नेमकी कोणती? तिच्यातील कोणते द्रव्य काम करते? आणि ते किती मात्रेत, कोणत्या रूपात, कोणाला दिले जाते? या घटकाची मांडणी याच तीन प्रश्नांच्या आधारे केली आहे.

२. वनस्पतीची ओळख

पानओव्याचे शास्त्रीय नाव कोलियस अँबॉयनिकस असे आहे. ही तुळशीच्या कुलातील, म्हणजे लॅमिएसी कुलातील वनस्पती आहे. पुदिना, सब्जा आणि मरवा हे तिचे कुलबंधू. मसाल्याचा ओवा मात्र एपिएसी कुलातील असून जिरे, बडीशेप आणि कोथिंबीर ही त्याची जवळची मंडळी आहेत. दोघांचा वास सारखा असला तरी नाते दूरचे आहे.

ओळखीची लक्षणे पुढीलप्रमाणे :
• झाड बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारे, साधारण मीटरभर उंचीपर्यंत वाढणारे.
• कोवळी खोडे साधारण चौकोनी व लवदार.
• पाने समोरासमोर, रुंद अंडाकृती, जाड, रसाळ, सहज मोडणारी. कडा बोथट दातेरी.
• पानावर बारीक केस. त्यांतील काही केसांच्या टोकाशी तेलाच्या ग्रंथी असतात. पान नुसते असताना वास मंद येतो आणि चोळल्यावर एकदम दरवळतो, कारण चोळताना या ग्रंथी फुटतात.
• फुले लहान, फिकट जांभळी, दांड्यावर वलयांत येणारी. कुंडीतील झाडाला ती क्वचितच दिसतात.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले आहे. पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ लौरेरो याने १७९० मध्ये तिचे वर्णन केले. 'अँबॉयनिकस' हा शब्द इंडोनेशियातील अँबॉन बेटावरून आला. १८२५ मध्ये स्प्रेंगेलने तिला प्लेक्ट्रँथस या प्रजातीत नेले. बेंथॅमने दिलेले कोलियस ॲरोमॅटिकस हे नावही भारतीय ग्रंथांत दीर्घकाळ वापरात राहिले. २०१९ मध्ये या गटाचा नव्याने आढावा घेतला गेला आणि लौरेरोचे मूळ नाव पुन्हा मान्य झाले. त्यामुळे संशोधन शोधताना तिन्ही नावांनी शोध घ्यावा, अन्यथा निम्मे साहित्य हाती लागणार नाही.

३. पहिला प्रश्न : वनस्पती नेमकी कोणती?

लोकभाषेतील नावे अर्थपूर्ण असतात. तमिळ 'ओमम्' म्हणजे ओवा, त्यावरून ओमवल्ली. कन्नड 'दोड्डपत्रे' म्हणजे मोठे पान. मल्याळम 'पनि' म्हणजे ताप आणि 'कूर्क' म्हणजे केरळात भाजी म्हणून खाल्ला जाणारा, याच कोलियस प्रजातीतील एक कंद. म्हणजे पनिक्कूर्क हे नावच तापातला उपयोग सांगते. हिंदीत 'पत्ता अजवायन' हे नाव वासावरून पडले आहे.

मात्र हीच नावे फसवूही शकतात. समजा, श्रीपेरुंबुदूरच्या बाजारात नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थिनीने फळवाल्याकडे 'कर्पूरवल्ली' मागितली, तर तिच्या हाती केळी पडतील, कारण तमिळनाडूतील केळ्याच्या एका लोकप्रिय जातीचे नावही कर्पूरवल्लीच आहे. ही गल्लत निरुपद्रवी आहे. पुढील गल्लती तशा नाहीत :

• पत्थरचूर आणि पत्थरचट्टा : पानओव्याला काही भागांत पत्थरचूर म्हणतात. पत्थरचट्टा हे नाव मात्र बहुधा पानफुटीला दिले जाते. दोन्हींची पाने जाड व दातेरी असतात. पानफुटीच्या गटात हृदयाच्या कार्यावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड्स ही द्रव्ये असतात आणि या गटातील वनस्पती खाल्ल्याने गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. पानफुटीला ओव्याचा वास येत नाही, ही ओळखीची सोपी खूण.

• पाषाणभेद : मूतखड्यावर सांगितले जाणारे आयुर्वेदातील हे द्रव्य आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशानुसार पाषाणभेद म्हणजे हिमालयात वाढणाऱ्या बर्जीनिया या वनस्पतीचे भूमिगत खोड. पानओवाही कोठे कोठे याच नावाने वापरला जातो. नाव एक झाले म्हणून गुण एक होत नाहीत.

• माईनमुळा : ही पानओव्याचीच बहीण, कोलियस प्रजातीतील. तिच्या मुळांचे लोणचे घालतात. १९७० च्या दशकात मुंबईतील मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात आणि लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्या मुळांवर काम झाले आणि फोर्स्कोलिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य हाती आले. बाजारात 'कोलियस' नावाने मिळणारी गोळी बहुतेक वेळा या मुळांची असते. रक्तदाबाचे औषध चालू असलेल्या व्यक्तीने ती पानओव्याची समजून घेतली तर अपाय होऊ शकतो.

निष्कर्ष असा की उपाय ऐकल्यावर प्रथम झाड पाहावे, पान चोळून वास घ्यावा आणि लेखी नोंद करताना शास्त्रीय नाव लिहावे.

४. दुसरा प्रश्न : कोणते द्रव्य काम करते?

पानओव्याच्या सुगंधी तेलात दोन द्रव्ये महत्त्वाची आहेत : कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल. त्यांच्यासोबत पॅरा-सायमीन, गॅमा-टर्पिनीन आणि कॅरिओफायलिन यांसारखी द्रव्ये असतात. कार्व्हॅक्रॉल व थायमॉल यांचे रेणुसूत्र एकच : कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू. फरक आहे तो बेंझीनच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट कोठे जोडला आहे एवढाच. अशा द्रव्यांना समघटक म्हणतात. जमीन, हवामान, कापणीची वेळ आणि झाडाचा वाण यांनुसार दोघांचे प्रमाण बदलते. म्हणून श्रीपेरुंबुदूरच्या कुंडीतले पान आणि कोकणातल्या परसातले पान रासायनिकदृष्ट्या एकसारखे असेलच असे नाही. नावात कर्पूर असले तरी या तेलातील मुख्य घटक कापूर नव्हे.

मसाल्याच्या ओव्याचा वासही मुख्यतः थायमॉलचाच. दूरच्या दोन कुलांनी एकच द्रव्य तयार केले, म्हणून वास सारखा. थायमॉल प्रथम १७१९ मध्ये कास्पर नॉयमान याने थाइम या युरोपीय वनस्पतीच्या तेलातून वेगळे केले. आपल्याकडे ओव्याच्या तेलातून मिळणारे त्याचे पांढरे स्फटिक 'ओव्याचे फूल' म्हणून विकले जातात.

या दोन द्रव्यांचे दोन गुणधर्म लक्षात ठेवावेत, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे :

अ) ती बाष्पनशील आहेत. वाफेबरोबर उडून जातात.
आ) ती पाण्यात फार थोडी आणि तेल-तुपात सहज विरघळतात. लिटरभर पाण्यात थायमॉल जेमतेम १ ग्रॅम विरघळते.

दुसऱ्या गुणधर्मामुळेच ती जिवाणूंवर परिणाम करतात. जिवाणूच्या पेशीभोवतीचे पटल मेदद्रव्यांचे असते. ही द्रव्ये त्या पटलात शिरून ते सैल करतात, पेशीतील आयन बाहेर झिरपतात आणि जिवाणू मरतो. परंतु माणसाच्या पेशींनाही मेदाचे पटल असते. पुरेशी तीव्र मात्रा मिळाली तर तीच द्रव्ये घसा, जठर आणि त्वचेचा दाह करतात.

५. स्वयंपाकातील उपयोग

पाककृती पिढ्यांच्या अनुभवातून घडल्या आहेत आणि वरील दोन गुणधर्म त्यांत स्पष्ट दिसतात.

भजी : महाराष्ट्रात ही सर्वांत परिचित. बेसनात थोडे तांदळाचे पीठ, हळद, तिखट, हिंग व मीठ घालून जरा दाट पीठ भिजवतात. पान धुऊन पूर्ण कोरडे करतात, अख्खे पिठात बुडवतात आणि मध्यम आचेवर तळतात. पिठात वेगळा ओवा घालावा लागत नाही. पान चिरायचे नाही, कारण पिठाच्या आवरणात अख्खे पान स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजते आणि वास आत कोंडला जातो. पान ओले राहिले तर तेल उडते आणि आवरण सुटते.

तंबुळी : कर्नाटकातील ताकाचा हा थंड पदार्थ. दोड्डपत्रेची पाने, जिरे आणि मिरे तुपावर परततात, ओल्या खोबऱ्याबरोबर वाटतात, ताकात मिसळतात आणि भातावर घेतात. सुगंधी द्रव्ये आधी तुपात उतरतात आणि तुपाबरोबर संपूर्ण ताकात पसरतात. पाने कच्चीच वाटली तर चव उग्र लागते.

रसम् आणि तुवैयल : तमिळ घरांत रसम् उतरवताना दोन-तीन पाने हाताने तोडून घालतात आणि झाकण ठेवतात. ती सुरुवातीपासून उकळली तर वास स्वयंपाकघरात राहतो आणि रसम् कोरडे पडते. तुवैयल म्हणजे घट्ट चटणी. तीत उडीद डाळ, सुकी मिरची, चिंच व खोबरे यांसोबत तेलावर परतलेली पाने वाटतात.

भारताबाहेरही हे पान खाद्यपरंपरेत आहे. कॅरिबियन बेटांवर ते मांस-माशांच्या वाटणात पडते. व्हिएतनाममध्ये ते खडीसाखरेबरोबर वाफवून खोकल्यावर देतात. इंडोनेशियातील उत्तर सुमात्रात बातक समाज त्याला 'तोरबांगुन' म्हणतो आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून त्याचे सूप देतो. या प्रथेचा अभ्यास दामानिक व सहकाऱ्यांनी करून २००६ मध्ये प्रसिद्ध केला आणि सूप घेणाऱ्या मातांमध्ये दूध वाढल्याचे नोंदवले. येथे अन्न आणि औषध यांची सीमा पुसट होते. तरी तो अभ्यास भाजीसारख्या खाल्लेल्या पानांचा होता. त्यावरून तेलाच्या थेंबांबद्दल काही सिद्ध होत नाही.

६. औषधी उपयोग : पुराव्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी, परंपरा. सिद्ध वैद्यक आणि घरगुती उपचार या दोन्हींत कर्पूरवल्लीचा मुख्य उपयोग कफ, खोकला आणि सर्दीवर सांगितला जातो. पान निखाऱ्यावर किंवा तव्यावर किंचित गरम करून रस पिळतात आणि मधातून देतात. अपचन व पोटफुगीवर पान मिठाबरोबर चावतात. श्रीपेरुंबुदूरपासून जवळच तांबरम येथे राष्ट्रीय सिद्ध संस्था असून तेथे या वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण व रुग्णसेवा दोन्ही चालते. परंपरा आपल्याला 'कोठे शोधावे' हे सांगते. उपाय किती परिणामकारक आहे याचे मोजमाप ती देत नाही.

दुसरी पायरी, प्रयोगशाळा. पानाचा अर्क व तेल जिवाणू आणि बुरशीची वाढ रोखतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण काचेच्या बशीत जिवाणू थेट तेलात असतो. खाल्लेल्या पानातील द्रव्य जठर, यकृत व रक्त यांतून जाते आणि फुप्फुसापर्यंत त्याचा अल्प अंश पोहोचतो. शिवाय सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि काही दिवसांत आपोआप बरी होते. त्यामुळे 'रस घेतला आणि सर्दी गेली' या अनुभवातून कारण सिद्ध होत नाही. घशाला आराम मिळणे खरे असू शकते. आजार बरा करणे ही वेगळी गोष्ट.

तिसरी पायरी, रुग्णांवरील चाचणी. पानओव्याच्या बाबतीत सर्वांत ठोस पुरावा खोकल्याचा नसून मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या जखमांचा आहे. तैवानमध्ये पानओव्याचा विशिष्ट अर्क आणि मंडूकपर्णीचा अर्क यांपासून ओएन१०१ हे मलम तयार झाले. त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात आले. २३६ रुग्णांत १६ आठवड्यांच्या उपचारात मलम लावलेल्या १२२ पैकी ७४ जणांची, म्हणजे ६०.७ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. शोषक पट्टी वापरलेल्या ११४ पैकी ४० जणांची, म्हणजे ३५.१ टक्के रुग्णांची भरली. तैवानच्या औषध प्रशासनाने त्याच वर्षी या मलमाला मान्यता दिली.

आपल्या देशासाठी हा विषय महत्त्वाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि पायाची चिघळलेली जखम हे पाय कापावा लागण्याचे एक प्रमुख कारण आहे. मात्र या चाचणीवरून 'पाने वाटून जखमेवर बांधा' असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. मलमात ठरावीक पद्धतीने वेगळा केलेला अर्क ठरावीक प्रमाणात होता, सोबत दुसरी वनस्पती होती आणि जखमेची वैद्यकीय निगा चालू होती. कुंडीतील पानावर माती व जंतू असतात. मधुमेही व्यक्तीच्या पायाला संवेदना कमी असल्याने दाह झाला तरी तो कळत नाही. अशी जखम दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

७. तिसरा प्रश्न : किती मात्रा, कोणते रूप, कोणाला?

मात्रेचे महत्त्व थायमॉलच्या इतिहासातून स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीवर थायमॉल हे प्रमुख औषध होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ पासून चाललेल्या रॉकफेलर मोहिमेत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला निर्यात होत असे. रुग्णाला काही ग्रॅम थायमॉल एका दिवसात देत आणि त्या काळात तेल, तूप, मद्य यांना सक्त मनाई असे. कारण उघड आहे : थायमॉल आतड्यातच राहून कृमींवर पडायला हवे होते. मेदाबरोबर विरघळून ते रक्तात गेले तर रुग्णालाच विषबाधा होई, आणि तशी प्रकरणे घडलीही. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि हा वापर थांबला. तंबुळीत वास उतरवणारे तूप येथे धोका वाढवत होते. गुणधर्म एकच, मात्रा वेगळी.

आता साधा हिशेब करू. ताज्या पानात सुगंधी तेलाचे प्रमाण साधारणतः १ टक्क्याहून कमी असते. एक मोठे पान ५ ग्रॅमचे धरले तर त्यात तेल ५० मिलिग्रॅमहून कमी येते. भज्यांच्या पाच-सहा पानांतही ते ग्रॅमच्या तुलनेत थोडेच. बाटलीतील शुद्ध तेलाचा मात्र एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, सुमारे साडेचार ग्रॅमचा असतो. म्हणजे निदान ९० मोठ्या पानांचे तेल एका घोटात. म्हणून 'नैसर्गिक आहे, अपाय होत नाही' हे विधान पानाबद्दल बरेचसे खरे आणि तेलाबद्दल खोटे आहे.

व्यवहारात पुढील काळजी घ्यावी :
• एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पानाचा रस मधातून देण्याची पद्धत या वयात टाळावी.
• लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊ नये. भांडे कलंडून भाजण्याचा धोका असतो.
• ओव्याचे फूल, कापूर आणि पेपरमिंटचे फूल एकत्र केले की तिन्ही स्फटिक विरघळून द्रव तयार होतो. अशा द्रवाची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.
• गर्भवतींनी पान स्वयंपाकापुरते खावे. अर्क किंवा तेल वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.
• शुद्ध तेल त्वचेवर थेट लावू नये.
• खोकल्याबरोबर मुलाचा श्वास जलद असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ते पीत नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार २ ते ११ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानले जाते. घड्याळ समोर ठेवून मिनिटभर श्वास मोजणे कोणालाही जमते.

८. लागवड

पानओवा बियांपेक्षा फांदीपासून लावतात. बोटभर लांबीचा तुकडा खालची पाने काढून ओलसर मातीत खोचला की एक-दोन आठवड्यांत मुळे धरतो. पाने रसाळ असल्याने झाड पाण्याचा ताण सोसते, पण साचलेले पाणी सोसत नाही. चेन्नई परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस जोरदार पडतो, तर महाराष्ट्रात जून ते सप्टेंबरमध्ये. आपापल्या पावसाळ्यात कुंडी वळचणीला ठेवावी आणि तळाचे भोक मोकळे आहे ना ते पाहावे. शेंडे खुडत राहिल्यास झाड भरगच्च होते.

९. सारांश

पानओवा ही तुळशीच्या कुलातील सुगंधी वनस्पती असून तिचा वास कार्व्हॅक्रॉल व थायमॉल यांमुळे येतो. ही द्रव्ये बाष्पनशील व मेदात विरघळणारी असल्याने तिच्या पाककृती तळणे, तुपावर परतणे आणि शेवटी घालून झाकणे अशा घडल्या आहेत. खोकल्यावरील उपयोगाला परंपरेचा आधार आहे. प्रमाणित अर्काचा सर्वांत ठोस पुरावा मधुमेही पायाच्या जखमेबाबत आहे, तोही दुसऱ्या वनस्पतीच्या जोडीने. नावांतील सारखेपणामुळे भिन्न गुणांच्या वनस्पती एकमेकींच्या जागी वापरल्या जाऊ शकतात. कोणत्याही घरगुती औषधाबाबत वनस्पती, द्रव्य आणि मात्रा या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच ते दुसऱ्याला सुचवावे.

स्वयंमूल्यमापनासाठी प्रश्न

१. पानओवा आणि मसाल्याचा ओवा यांची कुले वेगळी असूनही वास सारखा का येतो?
२. पानओवा आणि पानफुटी यांतील फरक ओळखण्याची एक सोपी चाचणी सांगा.
३. रसम् मध्ये पाने शेवटी घालण्याचे आणि तंबुळीत ती तुपावर परतण्याचे रासायनिक कारण स्पष्ट करा.
४. अंकुशकृमीवर थायमॉल देताना तेल-तूप वर्ज्य का असे?
५. ओएन१०१ च्या चाचणीतील आकडेवारी वाचून एक नातेवाईक मधुमेही पायाच्या जखमेवर पाने वाटून बांधू पाहत आहेत. त्यांना आपण काय समजावून सांगाल?
६. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका कुटुंबातील पानओव्याचे स्थानिक नाव, पाककृती व घरगुती उपाय यांची नोंद करा आणि या घटकातील तीन प्रश्न त्या उपायाला लावून पाहा.